रेंज नसली तरी ॲप स्पर्धेत उतरवा
यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याकडच्या खेड्यात रेंज टिकत नाही, मग ॲप स्पर्धेत काय घेऊन उतरायचं, असं एका भावाने विचारलंय. भाऊ, माझ्या मते तीच तुमची जमेची बाजू! पऱ्हाटीवरची, म्हणजे कपाशीवरची, गुलाबी बोंडअळी हाच विषय घ्या. कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारा सापळा) सलग तीन रात्री, दर रात्री ८ किंवा जास्त पतंग सापडले की फवारणीची पातळी गाठली समजतात. शेतकऱ्याने रोजचा आकडा टाकावा, तो फोनमधल्याच एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये साठावा, इशाराही तिथेच मिळावा. बाजाराच्या दिवशी रेंज आली की मग सर्व्हरवर जाईल. हवामान, बाजारभाव, चॅट असलं काही कोंबू नका. परीक्षकांना स्वस्त, जुन्या फोनवर एअरप्लेन मोड लावूनच दाखवा. आणि अर्ज भरण्याआधी कोडची मालकी कोणाकडे राहते, तो नियम नीट वाचा.