थाळनेरच्या घुमटाखाली कोण झोपलंय ते कोणाला माहितीये?

तापीकाठचा:
रविवारी शिरपूर तालुक्यातल्या थाळनेरला जाऊन आलो. फारुकी सुलतानांच्या कबरी आहेत तिथं, या लोकांनी १३८२ पासून १६०१ ला अकबरानं असीरगड घेईपर्यंत खान्देशावर राज्य केलं, राजधानी म्हणून बुऱ्हाणपूर नंतरचं, आधी थाळनेरच. टपरीवर विचारलं तर चहावाला म्हणे, असेल कोणी पीरबाबा. पाडायला कोणी पहार घेऊन आलं नाही भो, आपण विचारणंच सोडलं.

शिरपूरवाला:
ते काय आपले होते का? गाव विसरलं नाही, गावानं निवडलं. १८१८ ला इंग्रज सेनापती हिस्लॉपच्या फौजेनं इथली शिबंदी कापली, किल्लेदार तुळशीराम मामाला फाशी दिली, हे मी आजोबांकडून ऐकलंय. फारुकींचं एकदापण नाही. मग कशाला उगाच रडायचं?

तापीकाठचा:
निवडायला आधी माहिती तर पाहिजे ना! चाळीसगावजवळ पाटणला शके ११२८ चा शिलालेख आहे, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, त्यानं आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, तिथल्या निकुंभ राजा सोइदेवानं मठाला बाजाराच्या उत्पन्नातला वाटापण लावून दिला. मठ गेला, पोरं गेली, दगडावर कोरलं होतं म्हणून तेवढं कळलं. हे आपलं की परकं, सांग आता.

शिरपूरवाला:
पाटणचं मान्य. फारुकींचं नाही.

पांझरेची लेक:
भाऊ, हाई बठ्ठं खरं शे, पण तुम्ही दोघं राजे अन् दगडातच अडकले. आमच्याकडची पाणीवाटपाची फड पद्धत कोणत्या दगडावर लिहिलीये? नदीवर बंधारा, तिथून पाट, खालच्या जमिनीचे फड, एका फडात सगळ्यांचं एकच पीक अन् दरवर्षी पाळी बदलायची, कुठं ऊस तर कुठं भुसार. पाणी सोडायचं काम पाटकऱ्याचं, मालकानं स्वतः बारं, म्हणजे पाटाचं तोंड, फोडायचं नाही, मग तो पाटील का असेना. शेकडो वर्षं चाललं. मग वर धरण झालं, घरोघरी मोटरी आल्या, आमचा फड बंद पडला. आजोबा पाटकरी होते, कोणाचं पाणी कधी ते सगळं तोंडपाठ, वही कधी केलीच नाही. ते गेले, आता बांधावर भांडणं होतात तर कोणाला विचारायचं?

शिरपूरवाला:
हे मात्र लागलं. आमच्या घरात कोणाला पाटकरी शब्दपण माहीत नाही.

तापीकाठचा:
ताई, गावात कोणी जुना पाटकरी आहे का अजून? रेकॉर्डिंग करायला येतो.

पांझरेची लेक:
एक बाबा आहेत. सकाळीच या, दुपारी झोपतात, अन् ऐकायला कमी येतं, ओरडून विचारावं लागेल.