श्रीखंडाचा डबा, टॅग रीडर आणि आमचं गेट

घोडबंदरकर
परवा इथे एकाने श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात बनवलेल्या टॅग रीडरचे, म्हणजे जवळ धरलेल्या कार्डाचा नंबर रेडिओलहरींनी वाचणाऱ्या यंत्राचे, फोटो टाकले. झाकणाला आतून तांब्याच्या तारेचे वेढे, खाली आर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड), बाजूला बझर. इथवर कौतुकच. पण शेवटी काय, तर "सोसायटीचं कार्डही वाचलं बरं का!" आणि पुढे डोळा मारलेला इमोजी. अहो, १२५ किलोहर्ट्झचं साधं कार्ड समोर येईल त्या रीडरला आपला नंबर सांगून मोकळं होतं. तो कोऱ्या कार्डावर उतरवला की गेट उघडलं. हे चव्हाट्यावर शिकवायचं?

डबेबहाद्दर
धागा माझा, कार्डही माझंच. कुलूप कच्चं, आणि चोर मी? जेमतेम चार-पाच सेंटीमीटरवरून वाचतो तो. कार्डाची फ्रिक्वेन्सी साधायला तारेची कॉइल कपॅसिटरशी जुळेना म्हणून वेढे दोनदा सोडून घातले, तेव्हा कुठे पहिला 'टुक' वाजला. आधी आईच्या पोळ्यांच्या डब्यात केला होता. स्टीलमध्ये उलटे प्रवाह फिरतात, कॉइलचं क्षेत्र तिथेच मरतं. कार्ड चिकटवलं तरी ढिम्म. वर डब्याला भोक पाडलं म्हणून बोलणी खाल्ली ती वेगळीच.

ऐरोली_सेक्टर८
कार्डाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. आमच्या कामवाल्या मावशींचं कार्ड हरवलं. कमिटीने नव्याचे ३५० घेतले, तेही त्यांच्याकडूनच! शिवाय तीन दिवस गेटवर नाव, सही, वेळ. आणि आमच्याकडे पार्सलवाले हात हलवत आत.

मानद_सचिव
कमिटीला शिव्या घालणं सोपं आहे. फुकट राबतो आम्ही. सभेला अकरा माणसं येतात, त्यातली चार चहासाठी.

ऐरोली_सेक्टर८
राबा की! पण धुणीभांडी करणाऱ्या बाईकडून ३५०? लाज वाटत नाही?

मानद_सचिव
तोंड सांभाळून. तुमच्या कमिटीचा राग माझ्यावर कशाला? आमच्याकडे शंभरच घेतात.

घोडबंदरकर
मावशी राहू द्या, माझा मुद्दा…

ऐरोली_सेक्टर८
मावशी का राहू द्यायच्या? चोर आला की संशय आधी त्यांच्यावरच जातो ना?

डबेबहाद्दर
हेच म्हणतोय. नंबर कॉपी झाला की नोंद मावशींच्या नावावर, माणूस भलताच. आणि सचिवसाहेब, १३.५६ मेगाहर्ट्झची कार्डं घेतली म्हणून निर्धास्त राहू नका. त्यातल्या मायफेअर क्लासिक नावाच्या कार्डांचं कूट, म्हणजे गुप्त संकेतपद्धत, २००८ सालीच फुटलंय. बरीच गेटं तर तेही तपासत नाहीत, नुसता नंबर बघतात.

मानद_सचिव
आमची तीच आहेत. गेल्या दिवाळीत बदलली. कंत्राटदार म्हणाला, "एकदम सेफ."

घोडबंदरकर
बरं बाबा, डबा निर्दोष. पण तो डोळा मारलेला इमोजी तेवढा काढा. आमच्या सभेत कार्डांचा विषय मी मांडतो, मेंटेनन्स वाढला की लोकांना तुमचं नाव सांगेन.

ऐरोली_सेक्टर८
आणि मावशींचे ३५०?