गॅस बंद केला होता का? विसरभोळ्यांनो, तुमचे अनुभव सांगा

परवा महाद्वार रोडवरून निम्म्या वाटेतून परत फिरले. गॅस बंद केला का, आठवेना. घरी बघते तर गॅस बंद, आणि पिशवी दुकानात राहिलेली. आता बटण फिरवताना मोठ्यानं म्हणते, "गुरुवार, गॅस बंद." सासूबाई हसतात, पण आठवतंय. तुम्ही काय करता? 'बदाम खा' सोडून सांगा.

लक्ष्मीपुरीतले निवृत्त व्यापारी
घरातनं यादी सांगितली की मी ती मनातल्या मनात वाटेवर मांडत जातो. बिंदू चौकाच्या बुरुजावर गुळाची ढेप, भवानी मंडपाच्या कमानीला लसणाची माळ, महाद्वारात शेंगतेलाचा डबा सांडलेला. सांडलेलाच पाहिजे, नीट ठेवलेला लक्षात राहत नाही! ग्रीक-रोमन वक्ते भाषणं अशीच ध्यानात ठेवायचे म्हणे. नातीनं सांगितलं तेव्हा कळलं, मला वाटलं माझाच शोध.

स्पर्धा परीक्षावाला, राजारामपुरी
पहिल्या वर्षी नोट्सना चार रंग लावले, पाच वेळा वाचल्या आणि पूर्वपरीक्षेतच पडलो. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, तिथंच फसगत होते. आता पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहितो. दुसऱ्या दिवशी, मग आठवड्यानं, मग महिन्यानं. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं निरर्थक अक्षरं पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले होते, ते १८८५ साली छापून आले. विसरणं सुरुवातीलाच सगळ्यात जोरात होतं, हे त्यातून दिसलं. म्हणून पहिली उजळणी लवकर.

मंगळवार पेठेतून
कोल्हापुरात राहून पांढरा रस्सा न खाणारं आमचं माळकरी घर. आई एकच गोष्ट चारदा विचारायला लागली. "वय झालं," म्हणून एका डॉक्टरांनी परत पाठवलं. दुसऱ्यांनी रक्त तपासलं, तर बी-१२ जीवनसत्त्व फारच कमी. इंजेक्शनं घेतल्यावर बराच फरक पडला. थायरॉइडनंही असं होतं, तेही तपासून घ्या.

गोकुळ शिरगाव, रात्रपाळी
झोप नीट झाली नाही की शिकलेलं टिकत नाही, बाकी काय.

रंकाळ्याकाठचा सुडोकूवाला
दोन वर्षं रोज सोडवतोय. सुडोकू झकास यायला लागलं. चष्मा कुठं ठेवला ते अजून बायकोलाच विचारतो.

(मीच परत, गॅसवाली)
काल काकांच्या वाटेनं बाजार केला. सगळं आलं. मीठ तेवढं पापाच्या तिकटीवर ठेवलेलं, मनातल्या मनात तिथवर पोचायच्या आत भाजीवालीशी बोलत बसले.