प्रतिसाद: वारी आणि इरावतीबाई

वर म्हटलंय की वारीत जात विरघळते, म्हणून थोडी भर. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे स्वतः दिंडीबरोबर पंढरपूरपर्यंत चालल्या होत्या. अभंग एकच, वाटही एकच, पण ब्राह्मणांची चूल वेगळी आणि मराठ्यांची वेगळी. ते त्यांना सलत राहिलं. मग त्या मराठा बायकांच्या पंगतीत जेवल्या, आणि त्या बायका मोकळ्या झाल्या, 'ताई' म्हणू लागल्या! गंमत म्हणजे यात्रेत माणसं समान पातळीवर येतात असं मांडणाऱ्या व्हिक्टर टर्नर या मानववंशशास्त्रज्ञानेही १९७४च्या पुस्तकात बाईंनी या वारीवर लिहिलेल्याच लेखाचा आधार घेतलाय. मला तर त्यांची ती सल टर्नरच्या सिद्धान्तापेक्षा जास्त खरी वाटते. शेवटी भजनात सूर मिळवणं सोपं, ताट शेजारी मांडणं अवघड.