मदत हवी: आईच्या कमरेसाठी मणक्यातलं इंजेक्शन, रेडिओफ्रिक्वेन्सी की थेट ऑपरेशन?

आई ७१ वर्षांची. औसा तालुक्यात गावी असते, मी लातूरला. आयुष्य खुरपणी-काढणीत गेलं. कंबर जुनीच, पण दिवाळीपासून चालणं फार कमी झालंय. घरापासून मारुतीच्या पारापर्यंत गेली की दोन्ही पोटऱ्या भरून येतात, मुंग्या येतात. पारावर टेकली की थोड्या वेळात मोकळं वाटतं. चुलीपुढे बसून भाकरी थापताना, वाकून झाडताना काही नाही. माझ्याकडे येऊन ओट्यापाशी उभी राहिली की कळ सुरू. यावरून घरात "सोंग करते" इथपर्यंत बोलणी झाली. ते असो.

एमआरआयमध्ये एल४-एल५ला (कमरेच्या शेवटच्या दोन मणक्यांमध्ये) नसांची जागा अरुंद झालेली, तिथलाच मणका थोडा पुढे सरकलेला, फॅसेट सांधे (मणक्यांच्या मागचे छोटे सांधे) झिजलेले, गाद्या सगळ्याच वाळलेल्या. एका डॉक्टरांनी स्क्रू टाकून ऑपरेशन सांगितलं. दुसरे म्हणाले, चिरफाड नको, आधी एपिड्युरल इंजेक्शन, नंतर रेडिओफ्रिक्वेन्सीने नस जाळू. आईला साखर आहे, स्टेंट पडलेला आहे, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. तिचं म्हणणं, "मणक्यात सुई टोचून घेत नसते मी. पाय गेले म्हंजे कोण उचलणारंय मला?"

यातलं खरं उपयोगाचं काय? आणि महात्मा फुले योजनेत यातलं काही बसतं का?

प्रतिसाद

मी भूलतज्ज्ञ आहे, नांदेडला वेदनाउपचाराचं काम करतो. न तपासता निदान करणार नाही, पण तुम्ही लिहिलंय ते वाचून आधी घरच्यांना सांगा की हे सोंग नाही. पुढे वाकलं की मणक्यातली नळी थोडी रुंदावते, ताठ उभं राहिलं की आवळते. म्हणून खुरपं चालतं आणि ओटा चालत नाही. वाळलेल्या गाद्यांची धास्ती घेऊ नका. काहीच न दुखणाऱ्या ८० वर्षांच्या माणसांचे एमआरआय काढले तरी जवळपास सगळ्यांत तेच दिसतं.

कंबर जास्त दुखते की पाय, यावर सगळं ठरतं. रेडिओफ्रिक्वेन्सी ही फॅसेट सांध्यांच्या दुखण्यासाठी, म्हणजे कमरेतच राहणाऱ्या. त्या सांध्याकडून दुखणं वाहून नेणारी बारीक नस सुईच्या टोकाने ८०-९० अंशांपर्यंत तापवतात. ती नस पुन्हा वाढते, त्यामुळे गुण आलाच तर काही महिने, फार तर वर्षभर. आधी त्याच नसेला बधिर करून बघतात. त्या तासांत चांगला फरक पडला नाही तर पुढे जायचंच नाही. ही चाचणी न करता कुणी थेट जाळायला निघाला तर उठून या. पोटऱ्या भरून येणं याने जाणार नाही.

एपिड्युरल पायासाठी. पण त्यातलं स्टेरॉइड नसेभोवतीची सूज उतरवतं, अरुंद जागा रुंद करत नाही. २०१४ साली अमेरिकेत अशाच ४०० रुग्णांवर तपासलं, तर सहा आठवड्यांनी नुसत्या बधिर करणाऱ्या औषधापेक्षा स्टेरॉइडचा विशेष फायदा दिसला नाही. २०२५मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या शिफारशीत तर जुनाट पाठदुखीसाठी ही इंजेक्शनं आणि रेडिओफ्रिक्वेन्सी दोन्ही नकोत असंच म्हटलंय. आमच्या शाखेतल्या बऱ्याच जणांना ते मान्य नाही, मलाही सरसकट मान्य नाही. तरी पेशंटला हे सांगून मगच सुई हातात घ्यावी. स्टेरॉइडने साखर काही दिवस चढते. रक्ताची गोळी हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नका.

ऑपरेशनबद्दल सर्जनना एक विचारा: नुसती जागा मोकळी करून भागेल का, की स्क्रू हवेतच? मणका सरकलेल्या रुग्णांवर नॉर्वेत झालेल्या अभ्यासात (२०२१) दोन वर्षांनी नुसती जागा मोकळी केलेले स्क्रूवाल्यांपेक्षा मागे नव्हते. दुर्बिणीतूनही हे होतं. मणका हलता असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून वाकून आणि मागे झुकून एक्स-रे काढलेत का ते बघा.

लघवी-संडासवरचा ताबा सुटला, बसायची जागा बधिर झाली किंवा पंजा उचलेना, तर हे सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा.

प्रतिसाद

मी फिजिओ. कमरेला पट्टा चोवीस तास बांधला असेल तर सोडवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३च्या सूचनांतही जुनाट कंबरदुखीला पट्टा आणि ट्रॅक्शन (कंबर ताणून धरणं) नको असंच आहे. उताणं झोपून गुडघे छातीशी घेणं, जागेवरची सायकल, वॉकरवर थोडं झुकून थांबत-थांबत चालणं, हे रोज. हाडांची घनता मोजून घ्या. योजनेचं त्या-त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) विचारा, उपचाराचा कोड बघून तोच सांगेल.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. आईला फोन करून विचारलं. म्हणाली, "कंबरेचं काही नाही रे, ती जन्माचीच आहे. पाय चालू दे." म्हणजे रेडिओफ्रिक्वेन्सी बाद. वाकून-झुकून एक्स-रे काढलेलेच नाहीत, ते या आठवड्यात करतो. औसा भागात घरी येऊन व्यायाम घेणारं कुणी माहीत असेल तर व्यनि करा.