ठेवणीतल्या वस्तू वापरायच्या की नुसत्या ठेवायच्या?

रिकामी_डबी:
चांगलं ते कपाटात, साधं ते अंगावर, अशीच बहुतेकांची रीत. पण कपाटातल्या त्या चांगल्याचं पुढे होतं काय? एका डब्यात एवढ्या वस्तू आहेत असं धरा: चावीचं मनगटी घड्याळ, सोन्याच्या निबचं एबोनाइटचं शाईपेन, मोत्यांची माळ, चांदीचे चमचे, आणि सगळ्यांत वर घडी घातलेलं रेशमी वस्त्र. काहींना बाजारात किंमत आहे, काहींना फक्त घरात. वापरल्या तर झिजतील, नाही वापरल्या तर ही चैन कसली? यातलं काय वापरल्यानं टिकतं आणि काय ठेवल्यानं, हे नेमकं हवंय. डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या आहेत. चालतील ना?

गाठ_आणि_दोरा:
आधी डबा रिकामा करा. त्यातल्या निम्म्या वस्तू एकमेकींच्या वैरी आहेत.

एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. ते गंधक हळूहळू सुटत राहतं आणि शेजारची चांदी काळी पडते. रबरबँड आणि लोकरीच्या कापडाचंही तेच. सिलिका जेल चांदीला मानवतं, मोत्यांना नाही. मोत्याच्या थरांत थोडी ओल असते. फार कोरड्या हवेत ती गेली की वरच्या थराला बारीक तडे जातात. त्यामुळे पुड्या चांदीच्या चमच्यांच्या पिशवीत आणि मोती वेगळ्या मऊ कापडी पिशवीत. हवाबंद प्लास्टिकमध्ये मोती नकोतच.

मोती मात्र वापराच. कठीणपणा मोह्सच्या १ ते १० मापावर २.५ ते ४.५, म्हणजे शेजारच्या अंगठीचा खडाही ओरखडा काढतो. मोती मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा, त्यामुळे आम्लाशी त्याचं जमत नाही. घामानं आणि अत्तरानंही चकाकी उतरते. तयार होताना सगळ्यांत शेवटी घालायचे, घरी आल्यावर सगळ्यांत आधी काढायचे, किंचित ओलसर मऊ कापडानं पुसून सपाट ठेवायचे. खुंटीला टांगले की दोरा ताणतो. दोरा तपासायचा तर माळ एका टोकाला धरून उभी लोंबू द्या. मोती आणि गाठ यांच्यामध्ये दोरा दिसला की पुन्हा ओवायची वेळ झाली. नेहमीच्या वापरात हे वर्षा-दोन वर्षांनी येतंच. ओवताना प्रत्येक मोत्यानंतर गाठ मागा. दोरा तुटला तर एखादाच मोती घरंगळतो, आणि एरवीही मोती एकमेकांवर घासत नाहीत.

टिकटिक:
‘घड्याळ चालतं ठेवलं की चांगलं राहतं’ हे अर्धंच खरं. आतलं तेल घड्याळ बंद असलं तरी जुनं होतंच. आणि ते वाळलेलं असताना घड्याळ रोज चालवलं, तर बंद ठेवण्यापेक्षा नुकसान जास्त. ताशी २८,८०० ठोक्यांचं यंत्र दिवसाला ६,९१,२०० ठोके देतं. कोरड्या आसांची टोकं झिजतात, त्यांचा कीस उरल्यासुरल्या तेलात कालवला जातो आणि त्याचंच पॉलिश तयार होऊन ते पुढची झीज करत राहतं. म्हणून वर्षानुवर्षं पडून राहिलेलं घड्याळ आधी उघडून साफ करून घ्या, तेल घाला, मग मनगटावर बांधा. नंतर साधारण पाच ते सात वर्षांनी पुन्हा.

साध्या चावीच्या घड्याळाला रोज ठरावीक वेळी चावी द्यायची, अडकल्यासारखं वाटलं की थांबायचं. मनगटाच्या हालचालीनं भरणाऱ्या ऑटोमॅटिकची चावी अडकत नाही, कारण पूर्ण भरल्यावर आतली स्प्रिंग घसरते. तिथे अडकण्याची वाट बघत बसू नका. तारीख दाखवणारं असेल तर काट्यांवर रात्री ९ ते पहाटे ३ ही वेळ असताना तारीख हातानं बदलू नका. त्या वेळी तारखेचे दाते गुंतलेले असतात, एखादा तुटतो. अचानक दिवसाला काही मिनिटं पुढे पळायला लागलं तर आधी चुंबकावर संशय घ्या. फोनच्या कव्हरमधलं, पर्सच्या बटणातलं, स्पीकरमधलं. केसासारख्या स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते. चुंबकत्व काढून टाकायचं काम काही सेकंदांचं आहे, त्यासाठी अख्खी दुरुस्ती कुणाला करू देऊ नका.

सेलवरचं घड्याळ ठेवणीत टाकणार असाल तर सेल काढूनच. संपलेला सेल गळला की सर्किटची वाट लागते.

निळी_शाई:
पेन वापरलं तरच पेन. शाई भरून कपाटात ठेवलेलं पेन ही सर्वांत वाईट अवस्था: पाणी उडून जातं, रंग निबखालच्या जिभेच्या बारीक खाचांत सुकतो. भरलंय तर लिहा, लिहायचं नसेल तर धुऊन कोरडं करून ठेवा.

धुताना पाणी गार किंवा अगदी कोमट. गरम पाण्यानं एबोनाइटचा काळा रंग तपकिरी-हिरवट होतो, उन्हानंही होतो, आणि तो पॉलिश केल्याशिवाय परत येत नाही. पाणी स्वच्छ येईपर्यंत भरा-सोडा. मग निब खाली करून टिपकागदावर रात्रभर. स्पिरिट कधीच नाही. ड्रॉइंगची लाख असलेली काळी शाई तर अजिबात भरू नका, ती एकदा सुकली की पाण्यानं निघत नाही.

१४ कॅरेट निब म्हणजे हजारात ५८५ भाग सोनं. पण कागदाला टेकतो तो कठीण मिश्रधातूचा ठिपका, सोनं नव्हे. ‘दुसऱ्याला लिहायला दिलं की निब बिघडते’ म्हणतात, ते झिजण्यामुळे नाही, दाबण्यामुळे. बॉलपेनची सवय असलेला हात जोर देतो आणि निबचे दोन पाय फाकतात.

रिकामी_डबी:
चमचे आधीच काळे झालेत. ॲल्युमिनियम फॉइल आणि सोडा करून बघू का?

गाठ_आणि_दोरा:
साधे, घडीव चमचे असतील तर हो. काचेच्या भांड्यात फॉइल अंथरा, एक लिटर कढत पाण्यात दोन मोठे चमचे खायचा सोडा, चांदी फॉइलला टेकलेली हवी. टेकली नाही तर काही होत नाही. दोन-पाच मिनिटांत कुजक्या अंड्यासारखा वास येईल, ते गंधक निघतंय. पॉलिशनं चांदीचा थर घासला जातो, इथे काळा झालेला थर पुन्हा चांदीच होतो. पण कोरीव कामात मुद्दाम ठेवलेला काळेपणाही जातो, मग नक्षी सपाट दिसते. खडे चिकटवलेले, पोकळ मुठीचे चमचे आणि मोती या पाण्यात घालू नका. रोज वापरात असलेले चमचे मुळात एवढे काळे होतच नाहीत, धुण्या-पुसण्यातच थर निघून जातो.

घडीमोड:
सगळे ‘वापरा, वापरा’ म्हणतायत. रेशमाला ते सरसकट लागू नाही. उजेडानं उडालेला रंग परत येत नाही, आणि घामाचा आज न दिसणारा डाग काही महिन्यांनी पिवळा होतो. पण एकाच घडीत पडून राहिलेलं रेशीम त्या घडीवरच फाटतं. म्हणजे वर्षातून दोनदा का होईना घडी मोडा, नेसा किंवा पांघरा, हवेवर (उन्हात नाही) ठेवा आणि नव्या रेषेवर घडी घाला. घडीच्या पोटात धुतलेल्या सुती कापडाची गुंडाळी ठेवली की कडक मोड पडत नाही. कापूर आणि डांबरगोळ्या एकत्र ठेवू नका, दोन्ही मिळून पाघळतात आणि डाग पडतो.

आता चैनीचं. डॅनियल काहनेमन, जॅक नेट्श आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काहींना साधा मग दिला. तो विकायला ते जी किंमत मागत होते, ती घेणारे देऊ करत असलेल्या किमतीच्या दुपटीहून जास्त होती. म्हणजे वस्तू हातात आली की तिचा भाव आपल्यापुरता चढतो, आणि हा चढलेला भाव विमा कंपनी धरत नाही. म्हणून मूल्यांकन वेगळं करून घ्या आणि घरातली किंमत वेगळ्या चिठ्ठीवर लिहा: वस्तू कुणाची, कुठल्या वर्षी आली, वजन किती ग्रॅम, शिक्का काय, शेवटची दुरुस्ती कधी. चिठ्ठी पेन्सिलनं लिहा, शाई पसरते. ती पिशवीच्या बाहेर बांधा, म्हणजे वाचायला दर वेळी वस्तू उघडावी लागणार नाही.

माझा निकष सोपा आहे: जिची निगा राखायला वर्षातला एक दिवसही देता येणार नाही, ती वस्तू मी माझी चैन मानत नाही. ती जो वापरेल त्याला द्यावी.

टिकटिक:
बाकी पटलं, वर्षातला एक दिवस नाही. चावीचं घड्याळ रोज अर्धा मिनिट मागतं.