क्रूझची कंपनी बदलावी की ओळखीचीच बरी? माझं मत: बदला

त्रिमूर्तीनगरवाला

नमस्कार मंडळी, दिवाळीच्या सुट्टीत सिंगापूर-पेनांग-फुकेत क्रूझ करून आलो. रूट तोच जुना, पण या वेळी कंपनी बदलली, आणि त्यावरून घरात, बिल्डिंगमध्ये, सासुरवाडीला इतका वाद चालू आहे की म्हटलं इथे पण मांडून बघू. दोन्ही कंपन्यांची नावं घेत नाही, एकीची जाहिरात अन् दुसरीची बदनामी करायची नाही.

माझं म्हणणं असं आहे की आपण नागपूरचे लोक क्रूझ निवडतो ते एकाच प्रश्नावर, जेवण आपलं मिळते का. बर्डीवरच्या एजंटकडे जा, तो जहाज दाखवायच्या आधी जैन काउंटर सांगते. आम्ही पण वर्षानुवर्षं तेच केलं. जुन्या कंपनीच्या जहाजावर सकाळी पोहे-इडली, दुपारी छोले, रात्री पनीर, सोबत ग्रुपची तीच मंडळी, रात्री बॉलिवूड नाईट. चांगलं होतं, नाही म्हणत नाही. पण मुलगी मोठी झाली तशी विचारायला लागली की बाबा आपण इथपर्यंत येऊन तेच खातो, त्याच लोकांशी बोलतो, मग निघालो कशाला. ते मला लागलं.

म्हणून या वेळी दुसरी, मोठी विदेशी कंपनी घेतली. इथे बफेवर भारतीय पदार्थ कमी, पण रात्रीचं जेवण टेबलावर बसून, टेबल रोज तेच आणि वेटर पण तोच. आमचा वेटर वसईचा निघाला. आईला मराठी बोलताना ऐकलं तसं लगेच म्हणाला, "आजी, उद्याचं आजच सांगून ठेवा, किचनला आदल्या रात्री कळलं की होतं सगळं." आणि खरंच, रोज जेवण झालं की तो दुसऱ्या दिवसाचं मेनूकार्ड घेऊन आईच्या बाजूला वाकून उभा राहायचा आणि दोघं मिळून ठरवायचे, हे चालेल, यात काय पडतं, हे नको. आई भाजलेलं वांगं आणि मसुराचं सूप आवडीने जेवली. घरी आम्ही तिला साधा पास्ता खाऊ घालू शकलो नाही कधी.

दुसरा मुद्दा बिलाचा. जुन्या कंपनीचं भाडं जाहिरातीत कमी दिसायचं, मग त्यावर पोर्ट चार्जेस, मग दर माणशी दर रात्री सर्व्हिस चार्ज (लहान मुलांचा पण लागतो, हे एजंट शेवटपर्यंत बोलत नाही), मग कोल्ड्रिंक वेगळं, वायफाय वेगळं. नवीन कंपनीचं भाडं वरून जास्त, पण त्यातलं बरंचसं आधीच धरलेलं, त्यामुळे उतरायच्या दिवशी कार्डावरचं बिल पाहून कोणाचा चेहरा उतरला नाही.

तर माझं मत, एकाच कंपनीला धरून बसू नका. बोला.

महालची सूनबाई

भाऊ, तुमच्या आईंनी वांगं खाल्लं, छान झालं. आमच्याकडे कार्तिकी एकादशीपर्यंत वांगं घरात येत नाही. सासूबाई माळकरी आहेत, चातुर्मासात कांदा, लसूण, वांगं काहीच नाही, आणि दिवाळी चातुर्मासातच येते. आता सांगा, "यात काय पडतं" हे रोज रात्री दुसऱ्याला विचारत बसायचं त्यांनी? आणि तो वसईचा मुलगा तुमच्या नशिबाने भेटला. तो दुसऱ्या टेबलावर असता तर?

तुम्ही लिहिलंत की आपण जेवणावर क्रूझ निवडतो, जसं काही ते कमीपणाचं आहे. मला ते पटलं नाही. सत्तरी ओलांडलेल्या बाईला परक्या देशात, मधोमध समुद्रात, समोरचं ताट डोळे मिटून खाता आलं पाहिजे, तरच ती डेकवर येऊन समुद्र बघेल नाहीतर खोलीत घरून आणलेल्या दशम्या आणि चिवडा खात बसेल. हे मी पाहिलंय. एकदा हौसेने आम्ही पण वेगळी कंपनी घेतली होती आणि सासूबाई पेज आणि केळ्यांवर राहिल्या. तक्रार एका शब्दाने केली नाही त्यांनी, आणि तेच मला जास्त लागलं. त्यानंतर ठरवलं, जिथे जैन किचन वेगळं आहे तिथेच जायचं. मुलीला नवीन खायचं तर धरमपेठेत काय कमी हॉटेलं आहेत?

काऊन बा

मले एक सांगा, हे सिंगापूर काऊन? नागपूरहून डायरेक्ट फ्लाइट नाही, आधी मुंबई नाहीतर हैदराबाद-चेन्नई गाठा, तिथं बसून राहा, मंग पुढं. विसा एजंटमार्फत, पैसे भरले की टीसीएस, म्हंजे आगाऊ टॅक्स, कापून राहिले. तेवढ्या पैशात आख्खं घर तारकर्लीला जाऊन येते अन् वरून पैसे उरते. समुद्रच पाहायचा ना, कोकणातला काय वाईट आहे? आमचे आजोबा सांगत, पूर्वी भाऊच्या धक्क्यावरून कोकणात बोटी जायच्या, लोकं डेकवर घोंगडी टाकून झोपत. तो प्रवास होता. हे तर तरंगतं हॉटेल आहे.

त्रिमूर्तीनगरवाला

काऊन बा, टीसीएसचे पैसे जात नाहीत हो, रिटर्न भरताना वळते होतात, सीएला विचारा. मलेशिया आणि थायलंडला आम्हाला या वेळी विसा लागला नाही, फक्त ऑनलाइन अरायव्हल कार्ड भरावं लागलं, विसाची कटकट सिंगापूरपुरती होती. तारकर्लीला पण जातो आम्ही, त्याच्याशी भांडण नाही.

सूनबाई, जेवणावर निवडणं कमीपणाचं असं मी म्हटलं नाही, "फक्त" जेवणावर निवडणं म्हटलं. आणि तुमच्या सासूबाईंचं वाचून वाईट वाटलं, खरंच.

दर्यावर्दी काका (प्रतापनगर)

जहाजांच्या इंजिनरूममध्ये नोकरी झाली आहे, मालवाहू असली तरी समुद्र तोच, म्हणून लिहितो. दोघंही चुकीच्या गोष्टीवर भांडून राहिले. कंपनी नका पाहू, जहाज पाहा. एकाच कंपनीचं एक जहाज दोन वर्षांचं असते आणि दुसरं पंचवीस वर्षांचं. बांधणीचं साल विचारा, एजंटला माहीत नसेल तर नेटवर लगेच सापडते.

आणि कंपनीशी निष्ठा कसली ठेवता? भारतात जलेश क्रूझेस 2019 मध्ये मोठ्या थाटात आली, कर्णिका नावाचं जहाज, ते मुळात 1990 चं. कोविडमध्ये 2020 ला कंपनी बंद आणि जहाज अलंगला भंगारात. आपल्याकडचे कितीतरी लोक पूर्वी स्टार क्रूझेसने सिंगापूरहून जाऊन आले, तिची मूळ कंपनी गेंटिंग हाँगकाँग 2022 मध्ये दिवाळखोरीत गेली. आताचं गेंटिंग ड्रीम जहाज 2016 मध्ये बांधलेलं, ते आधी ड्रीम क्रूझेसकडे होतं आणि 2022 मध्ये रिसॉर्ट्स वर्ल्डच्या नावाने चालायला लागलं. जहाज तेच, पाटी वेगळी. मुंबईहून कॉर्डेलियाचं एम्प्रेस सुटते ना, ते पण 1990 चं, रॉयल कॅरिबियनकडे होतं पूर्वी. जुनं म्हणजे वाईट असं नाही, देखभाल चांगली असली की जहाज उत्तम चालते, पण आपण कशात बसतो ते माहीत पाहिजे.

"मोठं जहाज म्हणजे गर्दी" हे पण मनातून काढा. जहाजाचं ग्रॉस टनेज म्हणजे वजन नाही, आतल्या जागेचं माप आहे. त्याला प्रवाशांच्या संख्येने भागा. एम्प्रेस साधारण 48 हजार टनेज आणि दोघांच्या खोल्यांप्रमाणे सोळाशेच्या आसपास प्रवासी, म्हणजे माणशी तीस. गेंटिंग ड्रीम दीड लाख टनेज आणि त्याच हिशेबाने साडेतीन हजारच्या आत, म्हणजे पंचेचाळीसच्या घरात. लोक दुप्पट, पण कोपर लागणार नाही.

आणि काऊन बा, कोकणच्या बोटींची हौस मला पण आहे, पण 17 जुलै 1947 ची रामदास बोट विसरू नका, रेवसला जाता जाता बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली. आज जहाज सुटायच्या आधी प्रत्येकाला मस्टर स्टेशन, म्हणजे संकटात जमायची जागा, दाखवतात, ते 2012 च्या कोस्टा कॉनकॉर्डिया अपघातानंतर सक्तीचं झालं. त्या ड्रिलला लोक कंटाळा करतात, पोरांना पाठवून देतात. स्वतः जाऊन आपली जागा पाहत जा.

लेकीची आई

मी सूनबाईंच्या बाजूने, पण कारण वेगळं. बाबांना व्हीलचेअर लागते. आम्ही पण कंपनी बदलली होती, भावाचा आग्रह. फुकेतला पोचलो तर जहाज धक्क्याला लागलंच नाही, लांब उभं राहिलं आणि छोट्या बोटीने किनाऱ्यावर न्यायला लागले. लाटांमुळे व्हीलचेअर घेणार नाही म्हणाले. बुकिंगच्या वेळी कोणी एक शब्द बोललं नाही. बाबा दिवसभर जहाजावर, आणि मी त्यांच्यासोबत. जुन्या कंपनीत ग्रुपसोबत टूर मॅनेजर असायचा, तो आधीच सांगायचा की काकांना इथे उतरता येणार नाही, पेनांगला उतरवू. हा फरक जेवणापेक्षा मोठा आहे. ओळखीची कंपनी म्हणजे आपल्या माणसाला काय झेपतं हे ज्यांना माहीत आहे ती.

त्रिमूर्तीनगरवाला

ताई, हे महत्त्वाचं लिहिलंत. आमच्या आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे त्या छोट्या बोटीचं मला पण टेन्शन होतं. खालच्या डेकचं दार उघडतात, समोर एक फळीसारखा प्लॅटफॉर्म, आणि पलीकडे बोट वर-खाली होत राहते. बोट वर आली की खलाशी दोन्ही दंड धरून "नाऊ" म्हणतो आणि त्याच क्षणी पाय टाकायचा. आईने एकदा पाय उचलला, मागे घेतला, परत उचलला. मागे रांग थांबलेली, कोणी घाई केली नाही. तिसऱ्या लाटेला गेली. पण व्हीलचेअर असती तर आम्ही पण गेलो नसतो, हे खरं आहे.

फक्त एक, टूर मॅनेजर हा ग्रुप टूरवाल्याचा माणूस असतो, क्रूझ कंपनीचा नाही. कंपनी बदलून पण तोच माणूस सोबत येऊ शकतो. आणि धक्का की छोटी बोट हे जहाजावर आणि बंदरावर अवलंबून असतं. पेनांगला जहाज स्वेटनहॅम पिअरला लागतं, उतरलं की जॉर्ज टाऊन समोर, चालत लिटल इंडिया. क्वालालंपूर दाखवतो म्हणतात तेव्हा जहाज पोर्ट क्लांगला थांबतं, तिथून शहर तासाभराच्या वर, ज्येष्ठांना बसमध्येच दिवस जातो. कुठल्याही कंपनीने गेलात तरी हे बदलत नाही.

महालची सूनबाई

मग काकांचं आणि तुमचं मिळून निघतंय काय, तर कंपनीला फार अर्थच नाही? मग बदला तरी कशाला म्हणता? ज्याच्या किचनची खात्री आहे तिथेच राहावं की.

आणि एक स्पष्ट बोलते. घरात कंपनी बदलायचं कोण ठरवतं, ज्यांना काहीही चालतं ते. भोगतं कोण, ज्यांना सगळं चालत नाही ते. तुमच्या मुलीने विचारलं तर तुम्हाला लागलं. माझ्या सासूबाई विचारणारच नाहीत, म्हणून मला आधी विचार करावा लागतो.

त्रिमूर्तीनगरवाला

हे शेवटचं वाचून थांबलो थोडा वेळ. तरी माझं मत तेच आहे, कारण आई परत आल्यापासून त्या वेटरबद्दल आणि त्या मेनूकार्डाबद्दलच बोलते, जुन्या जहाजांवर तिला कोणी काही विचारलंच नव्हतं, समोर जे होतं ते घ्यायचं. आपण धरून चालतो की म्हाताऱ्या माणसांना ओळखीचंच हवं असतं. काहींना असतंही, तुमच्या सासूबाईंचा नेम आहे आणि तो पाळलाच पाहिजे. पण माझ्या आईला या वयात कोणीतरी "तुम्हाला काय आवडेल" विचारणारं हवं होतं, आणि ते मला कंपनी बदलल्यावर कळलं.

तुम्हाला जायचंच असेल तर बुकिंगनंतर कंपनीच्या स्पेशल नीड्स डेस्कला लेखी ईमेल करा, कांदा नाही, लसूण नाही, कंदमुळं चालतात की नाही, सगळं वेगवेगळं लिहून. "जैन" एवढंच लिहिलं तर बटाटा पण काढून टाकतात. आणि उत्तर आल्याशिवाय पूर्ण पैसे भरू नका.

काऊन बा

हे ईमेलचं बरोबर सांगितलं. तारकर्लीवाल्याले फोनवर सांगितलं की होते म्हणा.

महालची सूनबाई

कंदमुळं चालतात आमच्याकडे, साबुदाणा-बटाट्यावर तर उपास. माझं मत बदललेलं नाही, पण चातुर्मास संपल्यावर सासूबाईंनाच सरळ विचारते, एवढं नक्की. फेब्रुवारीत समुद्र कसा असतो काका? मागच्या वेळी त्यांना उलट्यांचा फार त्रास झाला.

दर्यावर्दी काका (प्रतापनगर)

फेब्रुवारी एकदम बरोबर. फुकेतकडे मे महिन्याच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत नैऋत्य मान्सून, तेव्हा समुद्र खवळलेला, आणि आपले लोक नागपूरच्या उन्हाला कंटाळून नेमके मेमध्येच बुकिंग करतात. नोव्हेंबर ते एप्रिल शांत. खोली जहाजाच्या लांबीच्या मधोमध आणि खालच्या डेकवर मागा, तिथे हलणं सगळ्यात कमी. "गॅरंटी केबिन" स्वस्त मिळते पण त्यात खोली कोणती ते कंपनी नंतर ठरवते, ती घेऊ नका, नंबर आधी लिहून घ्या. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून, जहाज सुटायच्या आधीच द्यायची, त्रास सुरू झाल्यावर दिली तर पोटात टिकत नाही. आणि विमान जहाजाच्याच दिवशीचं ठेवू नका, आदल्या दिवशी सिंगापूर गाठा. नागपूर-मुंबई विमान लेट झालं तर जहाज तुमच्यासाठी थांबणार नाही.